पाण्याकडे पाठ

बाबांच्या तेरवीनंतर चंद्रकुमार रोज संध्याकाळी आमच्या घरात येऊन बसू लागला. चंद्रकुमार माझा चुलतभाऊ. आधी तो मुलीला, रुचीला, दारात सोडायचा आणि मोटारसायकल बंद न करताच निघून जायचा. रुची बारावीला आहे. मी तालुक्याच्या गोरेगावला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून गावी असले की तिची शिकवणी आमच्या ओसरीवर होते, आणि बाबांनंतर मी रजा घेऊन गावीच होते. आता तो गाडी स्टँडवर लावायचा, चप्पल काढायचा आणि खुर्ची ओढून बसायचा. आई चहा द्यायची. चहा पिताना तो समोरच्या भिंतीकडे बघायचा. भिंतीवर बाबांची लोखंडी आकडी टांगलेली होती.

तो आकडीसाठी येतो हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यालाही.

आमच्या तलावाचं पाणी अजून दगडी तुडुमातून सुटतं. तुडुम म्हणजे तलावाच्या पोटात उभा केलेला दगडी बुरूज. त्याला वरपासून खालपर्यंत भोकं असतात आणि प्रत्येक भोकात लाकडाचा दट्ट्या ठोकलेला असतो. दट्ट्या काढला की पाणी तुडुमात पडतं आणि बांधाखालून पलीकडच्या नहरात निघतं. वरचे दट्टे पारेच्या, म्हणजे बांधाच्या कडेनं वाकून निघतात. खालचा काढायला आकडी घेऊन बुडी मारावी लागते. हे काम पाणकराचं, म्हणजे आमच्या गावात बाबांचं. आजूबाजूच्या गावांत लोखंडी फाटकं कधीच बसली, आमचं फाटक अजून ग्रामसभेत आहे.

पाणकर गेला की आकडी त्याच्या घरी राहते. ती घरच्यांनी पारेवर, सगळ्यांसमोर, पुढच्या माणसाच्या हातात द्यायची. लोहाराकडून नवी करून आणणं सोपं आहे. पण मागच्या पाणकराच्या घरानं दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाण्यात उतरत नाही. बाबांना मुलगा नाही. मी आहे, आणि पुतण्या चंद्रकुमार.

बाबा भाद्रपदात याच तुडुमापाशी गेले. बुडी मारणाऱ्याबरोबर नेहमी आणखी दोघं लागतात. एक पारेवर उभा राहून 'नजर देतो', दुसरा खाली नहराच्या तोंडाशी फळी घेऊन बसतो. दट्ट्या निघाला की भोक पाणी ओढून घेतं, त्यात हात अडकतो, धोतर अडकतं. डोकं वेळेवर वर आलं नाही तर पारेवरच्यानं हाक द्यायची आणि खालच्यानं नहराच्या तोंडात फळी टाकायची. ओढ मोडते, माणूस सुटतो. त्या दिवशी पारेवर चंद्रकुमार होता. फळीपाशी जागेश्वर मामा होते, गावातले सगळ्यांत जुने. मामांना हाक ऐकू आली नाही, कारण कोणी दिलीच नाही.

पोलिसांनी अपघात लिहिला. अपघातच होता.

तेरवीच्या पंगतीनंतर जागेश्वर मामा माझ्याजवळ येऊन बसले आणि आपल्याला काही कळलं कसं नाही ते सांगू लागले. "मी खाली वाकून होतो, पोरी. पानी आल्याचं मले चंद्रकुमारनंच सांगतलन. वर पाहिलं त हसून रायला होता. दात दिसून रायले होते त्याचे."

ते दुःखानं बोलत होते, कोणावर आरोप करायला नाही. पण नहरात बसलेल्या माणसाला पारेवरच्याचे दात दिसले, म्हणजे पारेवरच्याची पाठ तलावाकडे होती.

काही दिवसांनी, एका संध्याकाळी, रुचीच्या सराव परीक्षेत रिकाम्या जागा होत्या. तीन क्रियापदं दिलेली, सी, लुक आणि वॉच. तिचं एकही धड बरोबर नव्हतं.

"तिन्हीचा अर्थ पाहनंच त होते," ती म्हणाली.

बाबा असते तर आतून बोलले असते. शिकवणी चालली की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकायचे. दोन डोऱ्यांसाठी इंग्रजाले इतके शब्द कायले लागतात, असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं.

"सी आपण करत नाही, ते होतं," मी रुचीला म्हणाले. "डोळे उघडे असले की पुरे. आय सॉ अ स्नेक. साप दिसला. मी काही सापाला शोधायला गेले नव्हते."

"अन लुक?"

"त्यात मान वळवावी लागते. कुठं वळवायची ते तू ठरवतेस. पण वळवली म्हणून दिसेलच असं नाही."

"वॉच म्हंजे टीव्ही."

"टीव्ही, मॅच, चुलीवरचं दूध. पुढं काय होईल ते माहीत नसतं, म्हणून थांबायचं. संपेपर्यंत थांबायचं. मध्येच मान वळवली तर त्याला वॉच म्हणत नाहीत."

"दुधाचं समजलं," रुची हसली. "आईचं रोज उतू जाते."

तिनं लिहून घेतलं. चंद्रकुमार भिंतीकडे बघत होता.

"आता मी वाक्य सांगते, क्रियापद तू घाल," मी म्हणाले. "एक माणूस तलावात बुडी मारतो. दुसरा पारेवर उभा आहे. तो काय करतो?"

रुचीचं पेन थांबलं. तिनं बापाकडे पाहिलं नाही.

"वॉच," ती म्हणाली.

"का?"

"वर येईपर्यंत थांबा लागते म्हून."

"बरोबर. आता मागं नहरात पाणी आल्याचा आवाज येतो. तो वळतो. आता कोणतं?"

"चेतना," आई आतून मला म्हणाली.

"लुक," रुची अगदी हळू म्हणाली.

"आणि पाण्यातला माणूस वर आलेला नाही, हे त्यानं..."

"शिकवनी आहे का कचेरी?" चंद्रकुमारनं कप खाली ठेवला.

"व्याकरण आहे."

"मले इंग्रजी नाही येत, पन एवढं समजते. पोरीच्या तोंडून वदवून घेऊन रायली."

"तुझ्या तोंडून निघत नाही म्हणून."

"मी पाहूनच रायलो होतो."

"काय पाहत होतास?"

"काकाजीले. आनखी काय?"

"जागेश्वर मामांना तुझे दात दिसले."

त्यानं भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मामाले मोतीबिंदू आहे."

"मोतीबिंदूनं धुरकट दिसतं. पाठ असेल तिथं तोंड दिसत नाही."

"पाहा कशी शुद्ध बोलून रायली," तो आईला म्हणाला. "राग चढला का पुस्तकातलं बोलते. लहानपनापासून तशीच आहे, काकी." मग माझ्याकडे वळला. "तू कवा उभी होतीस पारेवर? शनिवारी येते, आईच्या हातचं खाते, सोमवारच्या पहिल्या एसटीनं चालली जाते. काकाजीले मी म्हटलं होतं, तुमचं वय झालं, मी उतरतो. ऐकलन का? छातीत कळ येत होती त्याच्या. तुले सांगतलन का त्यानं?"

बाबांनी मला सांगितलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती चुलीपाशी उभी होती आणि तिनं मान फिरवली, तेव्हा समजलं की तिला माहीत होतं.

"छातीत कळ होती, तर जास्त पाहायला हवं होतंस," मी म्हणाले.

"पानी आलं का कोनाची मान वळत नाही? किती दिवसांचं ऊन पडलं होतं. धान पिवळं पडून रायलं होतं. पारेवर होते ते सगळे वळले. काकाजी माह्या जागेवर असते त तेही वळले असते."

"म्हणजे वळलास."

"मी असं म्हटलं नाही."

"पारेवर म्हण. लोकांसमोर. माझी पाठ होती, एवढंच. आकडी तिथंच तुझ्या हातात देते."

"अन मंग? माह्या नजरेवर कोनी पान्यात उतरंल का कवा?"

"उतरू नयेच."

तो उठला. रुची वही मिटत होती, तिच्या पेनाचं टोपण सापडत नव्हतं. "राहू दे ते," तो तिला म्हणाला. दारात चप्पल घालताना तो आता भिंतीकडे बघत नव्हता, सरळ माझ्याकडे बघत होता. "गावाचं पानी अडवून बसली तू. हे ध्यानात ठेव. उद्या लोकं मले नाही, तुले बोलतील."

लोक बोलूच लागले होते. बाबांनंतर एक पाऊस चांगला पडून गेला होता आणि मग आभाळ कोरडं झालं. धान पोटरीत आलं होतं. या दिवसांत पाणी तुटलं तर लोंबी पोचट निघते. ज्यांच्याकडे इंजिन होतं ते लावून मोकळे झाले, बाकीचे सकाळी आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं आभाळाबद्दल बोलायचे.

आईनं रात्रीचं जेवण वाढलं आणि स्वतः न घेता बसली. "मानूस माहा गेला," ती म्हणाली. "मी काही मागत नाही त तू कायले मागते? लोकांचं धान मारून त्याले का भेटनार आहे?"

"त्यांना काही नको आहे. मला हवं आहे."

"तुले त नेहमीच पायजे," आई म्हणाली. तिनं ते रागानंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेश्वर मामा चार माणसं घेऊन आले. बसले नाहीत. "पोरी, आज पानी सोडा लागते," एवढंच म्हणाले. मी आकडी काढली आणि त्यांच्याबरोबर निघाले. आई आली नाही.

पारेवर बरीच माणसं होती, बायाही. चंद्रकुमार अंगात बनियन आणि चड्डी घालून तयारच उभा होता, म्हणजे मी देणार असं तो धरूनच चालला होता. रुची थोडी दूर, पळसाच्या सावलीत. तलाव अर्ध्याच्या वर भरलेला होता. तुडुमाचा माथा पाण्याबाहेर हातभर दिसत होता आणि त्याच्या भोवती कमळाची पानं होती.

"सांगणार आहेस का?" मी चंद्रकुमारला विचारलं.

"सांगन्यासारखं काही नाही."

"मग आकडी घे. पण पारेवर नजर द्यायला मी उभी राहीन."

कोणीतरी मागं हसलं. जागेश्वर मामांनी डोक्यावरचा शेला सारखा केला. "बाईमानसाची रीत नाही, पोरी. हिमांशु देईन नजर." हिमांशु त्यांचा नातू, तो पुढं झालासुद्धा.

"रीतीचाच माणूस उभा होता ना त्या दिवशी," मी म्हणाले.

एक बाई दुसरीला म्हणाली, "जास्त शिकली का असंच होते." दुसरी म्हणाली, "चूप रायनं."

"नाहीतर आकडी घरी नेते," मी म्हणाले.

चंद्रकुमार माझ्याकडे बघत होता. तुडुमाच्या तळाशी तो एकटा असणार आणि वर मी. त्याची हाक माझ्या तोंडात असणार. हे त्याला कळलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो नाही म्हणेल असं मला वाटलं. त्याला नाही म्हणता आलं असतं. पण सगळं गाव बघत होतं, आणि नाही म्हणण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

"राहू द्या तिले," तो म्हणाला. "काय पाह्यचं ते पाहू दे."

मी आकडी त्याच्या हातात दिली. जागेश्वर मामा पार उतरून नहराच्या तोंडाशी गेले आणि फळी उभी धरून बसले. चंद्रकुमारनं पाणी तोंडावर मारलं, तलावाला हात जोडले आणि तुडुमाच्या कडेनं खाली गेला.

पाणी त्याच्यावर मिटलं. आधी गाळ वर आला, तांबूस, मग बुडबुडे. कमळाचं एक पान उलटं झालं आणि तसंच राहिलं. खालून लाकडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, दबलेला, जणू शेजारच्या घरातून. पुन्हा आला. मग थांबला. तुडुमाजवळचं पाणी जरा खोलगट झालं आणि पानं तिकडे सरकू लागली. दट्ट्या निघाला होता.

माझ्या पाठीमागं नहर बोलू लागला. आधी घशात अडकल्यासारखा, मग एकदम मोकळा. "आलं, आलं," कोणी म्हणालं, आणि पारेवरची सगळी पावलं त्या बाजूला वळल्याचं मला ऐकू आलं. बाया हसत होत्या. एक लहान मूल पाण्यात उतरायला रडत होतं.

चंद्रकुमार म्हणाला होता ते खरं होतं. मान वळतेच. मी वळवत नव्हते, ती आपणच जाऊ पाहत होती, जशी झोपेत कूस वळते. मी या गावात वाढले, आणि कोरड्या नहरात पाणी येताना पाहण्याइतकं चांगलं इथं फारसं काही घडत नाही. मी दात आवळून धरले आणि पाण्याकडे बघत राहिले.

डोकं वर आलं नाही.

बुडबुडे बारीक झाले होते. पानं तुडुमाशी गोळा होऊन एकमेकांवर चढत होती. तो वर यायला हवा होता. मनात जे आलं ते आलं. ते इथं लिहिण्यात अर्थ नाही, कारण त्याच क्षणी मी ओरडले होते.

"फळी टाका."

मामांनी टाकली. नहराचा आवाज मध्येच तुटला. सगळे माझ्याकडे वळले. पानांची हालचाल थांबली, आणि त्यांच्यामधून चंद्रकुमारचं डोकं वर आलं, तोंड उघडं, डोळे पांढरे. हिमांशुनं आणि आणखी एकानं उडी घेतली आणि त्याला काखेत धरून पारेवर आणलं. तो गुडघ्यांवर बसून खोकत राहिला. उजव्या मनगटाभोवती कातडी सोलली होती. आकडी मात्र हातातच होती, बोटं उघडत नव्हती.

जागेश्वर मामा धापा टाकत वर आले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, तोंड पाहिलं, मनगट पाहिलं. "वाचला," ते सगळ्यांना म्हणाले. "एका हाकेनं वाचला पोरगा."

म्हणाले आणि मग तेच थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. बाकीच्यांनाही आलं. कोणी खाली बघत होतं, कोणी पलीकडच्या शेताकडे. चंद्रकुमारकडे कोणीच बघत नव्हतं, मी सोडून.

त्याचा खोकला हळूहळू थांबला.

"माही पाठ होती," तो म्हणाला.

"अं?" मामांनी कान पुढं केला.

"त्या दिवशी. माही पाठ होती तलावाकडे. पानी पाहून रायलो होतो मी."

वाक्य मी मागितलं होतं तेच होतं. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. कितीतरी दिवस मी ते मनात त्याच्या आवाजात म्हणून पाहिलं होतं. आता ते बाहेर आलं, लोकांनी ऐकलं, आणि त्यात बाबा कुठंच नव्हते. त्यात एक ओला, थरथरणारा माणूस होता, बस.

"झालं ना आता, पोरी?" मामा मला म्हणाले. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल काही चांगलं उरलेलं नव्हतं.

"फळी काढा," मी म्हणाले. "लोकांचं धान आहे."

ते उतरले. थोड्या वेळानं नहर पुन्हा सुरू झाला आणि माणसं त्याच्या कडेनं आपापल्या शेतातल्या बांधीकडे निघाली, फावडी खांद्यावर घेऊन. जाताना कोणी चंद्रकुमारजवळ थांबलं नाही. हिमांशु जरा रेंगाळला, मग तोही गेला.

रुचीनं आपली ओढणी बापाच्या खांद्यांवर टाकली होती आणि त्याचं मनगट हातात धरून बसली होती. मी जवळ गेले.

"आकडी तुझ्याकडे राहू दे," मी चंद्रकुमारला म्हणाले. "ती घरानं दिलेली आहे. पण आता घरी येऊन बसू नकोस. रुचीला पाठव. ती एकटी येईल."

त्यानं मान हलवली. वर पाहिलं नाही.

"मी नाही येनार," रुची म्हणाली.

"परीक्षा आहे तुझी."

"माहीत आहे."

"मग?"

"मले वाटलं होतं तू मले शिकवून रायली," ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. त्यात रडू नव्हतं. "चला बाबा."

बोलण्यासारखं जे होतं ते खरं नव्हतं. तिनं त्याला काखेत हात घालून उठवलं आणि दोघं पार उतरू लागले. नहराच्या बाजूनं वाट सोपी आहे, पण तिकडं माणसं होती. ते दुसऱ्या बाजूनं, बेशरमाच्या झुडपांतून गेले.